शिट्टी कोणाची? एका कायोवा घराण्याचा आणि त्याच्या खेळाचा इतिहास

१/
कार्लाइल वसतिशाळेच्या फुटबॉल संघाची गोष्ट इतिहासप्रेमींच्या वर्तुळात दर काही महिन्यांनी नव्याने फिरते. जुने छायाचित्र, जिम थॉर्पचे नाव, १९१२ मध्ये लष्करी अकादमीच्या संघावर मिळवलेला २७-६ असा विजय, आणि शेवटी एक ठरीव वाक्य : शाळा कठोर होती खरी, पण तिने या मुलांना खेळ दिला. याच वाक्याची सावली पुढे ओक्लाहोमातील मूलनिवासी प्रशिक्षकांच्या चरित्रांवर पडते. कायोवा जमातीचा एखादा माणूस गावच्या हायस्कुलात आयुष्यभर मुलांना पळायला, झेलायला आणि हरल्यावर मान ताठ ठेवायला शिकवतो. त्याच्या घराण्याचा इतिहास मात्र वसतिशाळेच्या फाटकापासून सुरू केला जातो.

हे ठरीव वाक्य चूक आहे. नुसते अपुरे असते तर एवढा मोठा धागा विणण्याचे कारण नव्हते.

२/
आधी शब्दांचा खुलासा. येथे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा अमेरिकन खेळ. 'रेड इंडियन' हा शब्द मराठीत अजून सर्रास वापरला जातो. या धाग्यात तो नाही. कायोवा हे दक्षिणेकडील विस्तीर्ण गवताळ मैदानांवरचे घोडेस्वार लोक. आज त्यांच्या जमातीचे मुख्यालय ओक्लाहोमातील कार्नेगी या गावी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोमांची आणि मैदानी अपाची यांच्यासह त्यांना एका राखीव प्रदेशात बसवण्यात आले. पुढील सारे प्रकरण त्या प्रदेशाच्या जमिनीवर उभे आहे, खेळाचे मैदानही.

३/
आता मूळ मुद्दा : प्रशिक्षक ही कल्पना कायोवांकडे कोठून आली?

जेम्स मूनी हा वांशिक अभ्यासक १८९० च्या दशकात कायोवांमध्ये राहिला आणि त्यांच्या चित्रमय कालगणनेवरचा त्याचा ग्रंथ १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. कायोवांच्या योद्धामंडळांची यादी त्याने दिली आहे. त्या यादीत सर्वांत खालच्या पायरीवर 'सशांचे' मंडळ आहे. हे लहान मुलांचे मंडळ. मोठ्या वयाचा अनुभवी पुरुष त्यांच्यावर नेमलेला असे, तो त्यांना शिकवी आणि त्यांच्याकडून सराव करून घेई. त्यांचा स्वतःचा नाच होता. त्यात मुले सशांसारख्या उड्या मारीत. मोठे झाल्यावर ही मुले एकेक करून वरच्या मंडळांत जात.

मुलांचा गट, त्यांच्यावर नेमलेला जाणता माणूस, सराव, मग पुढची पायरी. याला प्रशिक्षण म्हणायचे नसेल तर कशाला म्हणायचे, हे त्या ठरीव वाक्याच्या समर्थकांनी सांगावे.

४/
खेळांची कमतरता तर मुळीच नव्हती. धावण्याच्या शर्यती होत्या, कुस्ती होती, घोड्यांच्या शर्यती होत्या, हातात लपवलेली खूण ओळखण्याचा रात्र-रात्र चालणारा खेळ होता. कायोवा बायकांचा आरीचा खेळ विशेष लक्षात ठेवण्यासारखा. जमिनीवर घोंगडी अंथरायची, तिच्यावर आखलेल्या रेघांचा पट, मधोमध सपाट दगड. चार काड्या दगडावर आपटायच्या, पडतील तितकी घरे पुढे जायचे आणि आपली आरी घोंगडीत खुपसून जागा राखायची. पटावर नदी असे. नदीत पडणारीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. सारीपाट ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यात परके काही वाटू नये. स्ट्युअर्ट क्युलिनने १९०७ मध्ये उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींच्या खेळांवर आठशेहून अधिक पानांचा ग्रंथ काढला, त्यात हा खेळ नोंदलेला आहे.

आठशे पाने. ज्या लोकांना शाळेने 'खेळ दिला' म्हणतात, त्यांचे आधीचे खेळ नोंदवायला एवढी पाने लागली.

५/
मग ही सगळी व्यवस्था गेली कोठे?

योद्धामंडळे आणि सशांचे मंडळ यांचा खरा मेळा वर्षातून एकदा, उन्हाळ्यातील सूर्यनृत्याच्या वेळी भरे. विखुरलेल्या टोळ्या तेव्हा एकत्र येत. शेवटचे पूर्ण सूर्यनृत्य १८८७ मध्ये झाले. १८९० मध्ये कायोवांनी पुन्हा तयारी केली, लाकडे उभी केली. सैन्य येत असल्याची वार्ता आली आणि लोक पांगले. कायोवा कालगणनेत तो उन्हाळा 'खांब उभेच राहिलेला' म्हणून ओळखला जातो.

मेळा थांबला की मंडळे थांबली. मंडळे थांबली की मुलांना शिकवणाऱ्या माणसाची जागा रिकामी झाली. त्या रिकाम्या जागेवर पुढे सरकारी शाळेचा शिट्टीवाला उभा राहिला. जागा रिकामी कशी झाली हे न सांगता ती कोणी भरली एवढेच सांगणे, याला इतिहास म्हणत नाहीत.

६/
त्याच वर्षीचा हिवाळा. जानेवारी १८९१. अनाडार्को येथील कायोवा मुलांच्या सरकारी शाळेतून तीन मुले पळाली. त्यांच्यापैकी एकाला शिक्षकाने मारले होते. घर गाठण्यासाठी ती उघड्या माळावरून निघाली, वाटेत हिमवादळाने गाठले आणि तिघेही गोठून मेली. मूनीच्या कालगणनाग्रंथात हा प्रसंग नोंदलेला आहे.

कायोवा मुलांच्या पायांत वेग होता, याबद्दल वाद नाही. वसतिशाळेच्या इतिहासात या वेगाची पहिली ठळक नोंद मैदानावरची नाही, शाळेपासून दूर पळण्याची आहे. कार्लाइलच्या चषकांची यादी देणाऱ्या कोणत्याही लेखात ही तीन मुले सापडत नाहीत.

७/
आता घराणे. सामान्य विधानांपेक्षा एक कुटुंब घेतलेले बरे. हे कुटुंब 'लोन वुल्फ', म्हणजे 'एकटा लांडगा' या नावाचे.

पहिला लोन वुल्फ, कायोवा नाव गुइपागो. १८६६ मध्ये दोहासान या थोर पुढाऱ्याच्या मृत्यूनंतर तो जमातीच्या अग्रणींपैकी एक झाला. १८७३ च्या डिसेंबरात त्याचा मुलगा टेक्ससमध्ये अमेरिकन सैनिकांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. बरोबरचा पुतण्याही गेला. पुढच्या उन्हाळ्यात, १२ जुलै १८७४ रोजी, गुइपागोने सूडाची स्वारी काढली. ती लॉस्ट व्हॅलीची लढाई म्हणून ओळखली जाते. १८७५ मध्ये त्याला शरण यावे लागले.

८/
शरणागतीनंतर त्याला आणि दक्षिण मैदानांवरील इतर सत्तराहून अधिक लोकांना बेड्या घालून फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथील फोर्ट मॅरियन या किल्ल्यात पाठवण्यात आले. ना आरोपपत्र, ना खटला. किल्ल्यातील कैद्यांवर नेमलेला अधिकारी होता लेफ्टनंट रिचर्ड हेन्री प्रॅट.

या प्रॅटने कैद्यांचे केस कापले, त्यांना लष्करी गणवेश चढवले, कवायत लावली, इंग्रजी शिकवायला बायका आणल्या. प्रयोग यशस्वी झाला असे त्याला वाटले. गुइपागोला मात्र किल्ल्यात हिवतापाने ग्रासले. १८७८ मध्ये सुटका होऊन तो परतला आणि १८७९ मध्ये वारला. माउंट स्कॉट या डोंगरावर त्याला पुरले.

१८७९ च्याच नोव्हेंबरात, पेन्सिल्व्हेनियातील ओसाड लष्करी बराकींत, प्रॅटने कार्लाइल वसतिशाळा उघडली. तुरुंगात घडवलेली पद्धत मुलांवर लागू झाली. कैद्यांचा अधिकारी आता मुख्याध्यापक होता.

९/
येथे थोडे थांबून कायोवांची नावे समजून घ्यावी लागतात. कायोवा माणसाचे नाव आडनाव नसे. ते कमावलेले किंवा दान मिळालेले असे, आयुष्यात बदलू शके, आणि मेलेल्याचे नाव घरात उच्चारत नसत. गुइपागोने आपले नाव हयातीतच मामेडेटी नावाच्या तरुण योद्ध्याला दिले. मुलगा गमावलेल्या बापाने दिलेले हे दान होते. मामेडेटी यापुढे लोन वुल्फ झाला. इतिहासकार त्याला धाकटा लोन वुल्फ म्हणतात. दोघांना बाप-लेक समजून वंशावळ आखणारे लेख चुकतात ते इथेच.

जमिनीच्या वाटपासाठी सरकारी याद्या बनू लागल्या तेव्हा कारकुनांना आडनावे हवी होती. त्यांनी त्या-त्या वेळच्या कर्त्या पुरुषाचे वैयक्तिक नाव उचलले आणि त्याच्या साऱ्या कुटुंबाला कायमचे चिकटवले. कादंबरीकार एन. स्कॉट मोमडे याचे आडनाव असेच त्याच्या आजोबांच्या नावावरून आले. आज ओक्लाहोमात एखाद्या कायोवा प्रशिक्षकाच्या पाठीवर जे आडनाव छापलेले दिसते, ते अनेकदा एखाद्या पूर्वजाचे वैयक्तिक नाव असते, कारकुनाच्या दौतीत गोठलेले.

१०/
धाकट्या लोन वुल्फच्या घरातील मुलगा डेलॉस. इंग्रजी कागदांत त्याला 'नेफ्यू' म्हटले आहे. या शब्दावरून पुतण्या की भाचा हे कळत नाही, आणि कायोवा नातेव्यवस्थेत त्याने फारसे बिघडतही नाही : तिथे बापाचा भाऊ हा बापच आणि चुलतभाऊ हा भाऊच. एका शब्दात पाच नाती कोंबणाऱ्या भाषेत लिहिलेली वंशावळ मराठी वाचकाने तरी डोळे झाकून स्वीकारू नये.

डेलॉस लोन वुल्फ कार्लाइलला गेला. ज्या प्रॅटने गुइपागोवर पहारा ठेवला, त्याच प्रॅटच्या शाळेत गुइपागोचे नाव लावणारा हा मुलगा शिकला. १८९० च्या दशकाच्या मध्यात तो शाळेच्या फुटबॉल संघात खेळला.

'शाळेने घराण्याला खेळ दिला' हे वाक्य इथे ठेवून पाहावे. एका पिढीत तुरुंग, पुढच्या पिढीत चेंडू, आणि दोन्हींच्या दारावर माणूस तोच.

११/
कार्लाइलचे फुटबॉल तरी प्रॅटने दिले का? त्याच्या स्वतःच्या आठवणी वेगळे सांगतात. सुरुवातीच्या काळात बाहेरच्या संघाशी झालेल्या सामन्यात एका मुलाचा पाय मोडला आणि प्रॅटने बाहेरचे सामने बंद करून टाकले. मुलेच शिष्टमंडळ घेऊन त्याच्याकडे गेली आणि त्यांनी आपली बाजू मांडली. तो नमला, पण दोन अटींवर. पहिली : समोरच्याने ठोसा मारला तरी उलट ठोसा मारायचा नाही, कारण तुम्ही मारलात तर लोक तुम्हाला रानटी म्हणतील. दुसरी : काही वर्षांत देशातील सर्वांत मोठ्या संघाला हरवायचे.

खेळ मुलांनी मागून, वाद घालून मिळवला. प्रॅटने दिल्या त्या अटी. शिवाय पहिल्या अटीत अमेरिकेतील वर्णव्यवस्थेची सारी समज एका ओळीत आहे : गोऱ्या खेळाडूचा ठोसा हा आडदांडपणा, मूलनिवासी खेळाडूचा ठोसा हा वंशाचा पुरावा.

१२/
२४ ऑक्टोबर १८९६. कार्लाइल विरुद्ध येल. कार्लाइलच्या जेमिसन या खेळाडूने चेंडू घेऊन धाव काढली आणि गोलरेषा गाठली. पंचाने मात्र शिट्टी आधीच वाजली असे ठरवून गुण नाकारले. येल १२, कार्लाइल ६.

तो पंच होता हिकॉक. येलचा माजी खेळाडू. आणि त्या मोसमात कार्लाइलचा स्वतःचा प्रशिक्षक.

ज्यांना 'शाळेने खेळ दिला' म्हणायचे आहे त्यांनी हा सामना पुन्हा वाचावा. खेळ या मुलांच्या अंगात होता. शिट्टी दुसऱ्याच्या तोंडात होती. त्या काळी पंच आणि प्रशिक्षक यांच्या भूमिका आजच्याइतक्या वेगळ्या नव्हत्या हे मान्य. तरीही निर्णय कोणत्या बाजूला झुकला, हे मोजायला मोठी विद्वत्ता लागत नाही.

१३/
डेलॉसकडे परत. कार्लाइलमध्ये शिकलेले इंग्रजी त्याला कोठे उपयोगी पडले? या प्रश्नाचे उत्तर मैदानाबाहेर आहे, आणि घराण्याच्या कथेतील सर्वांत वजनदार भाग तोच आहे.

२१ ऑक्टोबर १८६७ च्या मेडिसिन लॉज तहाच्या १२ व्या कलमात स्पष्ट लिहिले होते : प्रौढ पुरुषांपैकी किमान तीन-चतुर्थांशांच्या सह्यांशिवाय या राखीव प्रदेशातील सामाईक जमीन कोणालाही देता येणार नाही. १८९२ मध्ये जेरोम आयोग आला. जमीन तुकड्यांत वाटायची, प्रत्येक माणसाला १६० एकर, उरलेली 'जादा' जमीन सरकारला. वीस लाखांहून अधिक एकरांना वीस लाख डॉलर. म्हणजे एकराला एक डॉलरसुद्धा नाही. सह्या गोळा झाल्या. दुभाष्यांनी चुकीचे सांगितले, सह्या फसवून घेतल्या, अशा तक्रारी लगेच सुरू झाल्या. सह्या तीन-चतुर्थांशांपेक्षा कमी भरतात असे पुढे गृहखात्याच्या मंत्र्यानेच सिनेटला कळवले. तरीही ६ जून १९०० रोजी काँग्रेसने करार मंजूर केला.

१४/
धाकटा लोन वुल्फ १९०१ मध्ये न्यायालयात गेला. विल्यम स्प्रिंगर हा काँग्रेसचा माजी सदस्य त्याचा वकील. वॉशिंग्टनच्या या लढ्यात दुभाष्या म्हणून बरोबर होता डेलॉस. प्रॅटने ज्या इंग्रजीने मुलातील मूलनिवासी मारायचा बेत केला होता, त्याच इंग्रजीत डेलॉसने जमातीची जमीन मागितली. शाळेने काय 'दिले' आणि मुलांनी त्याचे काय केले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या जमाखर्चात दुसरी मांडणे ही हिशेबातील लबाडी आहे.

प्रतिवादी होता इथन अॅलन हिचकॉक, गृहखात्याचा मंत्री. सह्या अपुऱ्या असल्याचे सिनेटला कळवणारा मंत्री तोच.

१५/
निकालाची वाटही कोणी पाहिली नाही. १९०१ च्या उन्हाळ्यात जमिनीची सोडत निघाली. सुमारे तेरा हजार भूखंडांसाठी दीड लाखांहून अधिक लोकांनी एल रेनो आणि लॉटन येथे नावे नोंदवली. ऑगस्टमध्ये प्रदेश खुला झाला. गावे रातोरात उभी राहिली. त्यांपैकी एका गावाचे नाव ठेवले गेले 'लोन वुल्फ'. ते आजही त्याच नावाने नकाशावर आहे. ज्याची जमीन घेतली त्याचे नावही घेतले. कायोवा रीतीत नाव देणारा ते स्वतः देतो, एवढी बारीक गोष्ट वसाहतवाल्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

५ जानेवारी १९०३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लोन वुल्फ विरुद्ध हिचकॉक या खटल्याचा निकाल दिला. न्यायमूर्ती एडवर्ड डग्लस व्हाइट यांनी लिहिले त्याचा आशय असा की, मूलनिवासींच्या बाबतीत काँग्रेसचे अधिकार सर्वंकष आहेत. ती तह एकतर्फी मोडू शकते, आणि फसवणुकीचे आरोप तपासणे हे न्यायालयाचे काम नाही. अमेरिकन मूलनिवासी कायद्याच्या अभ्यासात हा निकाल सर्वांत कुप्रसिद्ध निकालांपैकी एक मानला जातो.

१६/
खेळाच्या इतिहासात हा खटला कशाला, असे विचारले जाईल. कारण हायस्कूल हवेत तरंगत नसते. दक्षिण-पश्चिम ओक्लाहोमातील गावे आणि त्यांच्या शाळांची मैदाने याच सोडतीच्या मोजणीतून निघाली. शुक्रवारी रात्री दिव्यांच्या उजेडात कायोवा मुलांना खेळवणारा प्रशिक्षक ज्या गवतावर उभा असतो, त्या गवताचा सातबारा, मराठीत सांगायचे तर, १९०१ चा आहे. त्याचे पणजोबा तिथे पाहुणे नव्हते. 'या भूमीने त्याला संधी दिली' असे लिहिणाऱ्याने कोणाच्या भूमीने कोणाला काय दिले, हे एकदा तपासून घ्यावे.

१७/
प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा टाळणे योग्य नाही. तो असा : मुलांना खेळ आवडत होता. कार्लाइल आणि हॅस्केलच्या माजी खेळाडूंनी आयुष्यभर अभिमानाने त्या दिवसांबद्दल सांगितले. अनेकांनी प्रशिक्षकाचा पेशा स्वतःहून निवडला. कार्लाइलचा अल्बर्ट एक्सेंडाइन, डेलावेअर जमातीचा, जॉर्जटाउन विद्यापीठाचा प्रशिक्षक झाला आणि वकीलही. हॅस्केलचा अरापाहो खेळाडू जॉन लीव्हाय तिथेच प्रशिक्षक झाला. १९२६ मध्ये हॅस्केलचे मोठे क्रीडागार उभे राहिले ते बहुतांशी मूलनिवासी लोकांच्याच देणग्यांतून.

हे सारे खरे आहे. आनंद खरा होता, अभिमान खरा होता. प्रश्न त्या आनंदाचे श्रेय कोणाच्या खात्यात जमा करायचे हा आहे. कैद्याने कोठडीच्या भिंतीवर चित्र काढले म्हणून तुरुंगाला चित्रशाळा म्हणत नाहीत. फोर्ट मॅरियनच्या कैद्यांनी खरोखरच चित्रे काढली, हिशेबाच्या वह्यांच्या पानांवर, आणि आज ती संग्रहालयांत आहेत. त्यांचे श्रेय प्रॅटला देणारे लोकही आहेतच.

१८/
शिवाय मुलांनी शाळेबद्दल आपले मत नोंदवून ठेवले आहे, ते वाचायचे कष्ट मात्र कमी लोक घेतात. १९१४ मध्ये काँग्रेसच्या संयुक्त समितीने कार्लाइलची चौकशी केली. कारण विद्यार्थ्यांचा अर्ज. दोनशेहून अधिक सह्या. पुढाकार गस वेल्च या ओजिब्वे खेळाडूचा. संघाचा कर्णधारपद भूषवलेला माणूस, जिम थॉर्पचा सहकारी. चौकशीत काय निघाले? फुटबॉलच्या उत्पन्नाचा वेगळा निधी, त्यावर प्रशिक्षक पॉप वॉर्नरचा ताबा, वॉर्नरची शिवीगाळ, एका विद्यार्थिनीला फळीने झालेली मारहाण. अधीक्षकाला जावे लागले. त्या मोसमानंतर वॉर्नरही गेला. १९१८ मध्ये शाळा बंद पडली.

वेल्च पुढे स्वतः प्रशिक्षक झाला. वॉशिंग्टन स्टेटमध्ये, नंतर हॅस्केलमध्ये. प्रशिक्षकाविरुद्ध साक्ष देणारा खेळाडू प्रशिक्षक होतो, तेव्हा तो आधीच्याची परंपरा चालवत असतो की ती मोडत असतो? कार्लाइलच्या चाहत्यांनी वॉर्नरवर लिहिले, थॉर्पवर लिहिले. वेल्चच्या अर्जावर कोणी फारसे थांबत नाही.

१९/
एक कडवट उपकथा. १९३३ मध्ये बोस्टनच्या व्यावसायिक संघाने 'रेडस्किन्स' हे नाव घेतले. त्याचा प्रशिक्षक 'लोन स्टार' डीट्झ स्वतःला सू जमातीचा म्हणवत असे. त्याच्या मूलनिवासी असण्याच्या दाव्यावर १९१९ मध्येच लष्करभरतीच्या प्रकरणात खटला चालला होता, आणि पुढच्या वर्षी त्याने प्रतिवाद न करता तीस दिवसांची कैद भोगली. ते वर्तमानपत्रांत आलेले होते. तरीही संघाला आपल्या नावाला शोभेसा पिसांचा प्रशिक्षक हवा होता, आणि तो मिळाला. ते नाव २०२० पर्यंत टिकले. खऱ्याखुऱ्या मूलनिवासी प्रशिक्षकांचे काम मात्र बहुतेक वेळा हायस्कुलांच्या आणि वसतिशाळांच्या मैदानांवर, छायाचित्रकारांपासून दूर झाले.

२०/
कार्लाइलच्या जमाखर्चातील दोन आकडे. शाळेच्या एकोणचाळीस वर्षांत सुमारे आठ हजार मुले तिथे गेली. पदवी मिळालेली हजारही नाहीत. दफनभूमीत १८० हून अधिक थडगी. २०१७ पासून अमेरिकन लष्कर तिथले अवशेष नातेवाइकांना परत करत आहे, आणि ते काम अजून चालू आहे. संघाच्या छायाचित्रात एका वेळी वीस-पंचवीस चेहरे मावतात. 'शाळेने मुलांना खेळ दिला' या वाक्यातील 'मुले' म्हणजे कोण, याचे उत्तर या आकड्यांच्या प्रमाणात द्यावे लागेल.

२१/
मग कायोवा प्रशिक्षकाचे चरित्र कसे लिहावे? त्याचे सामने जरूर लिहावेत. त्याने कोणत्या शाळेत शिक्षण घेतले तेही लिहावे. त्यात फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल असेल. कायोवांनी हे खेळ आपले केले आहेत आणि ते परत करण्याचा प्रश्नच नाही. पण 'घराणे' या मथळ्याखाली पहिली नोंद सशांच्या मंडळाची असावी. दुसरी, खांब उभेच राहिलेल्या उन्हाळ्याची. तिसरी, आडनाव कोणाचे वैयक्तिक नाव होते आणि ते यादीत कधी चढले याची. वसतिशाळा चौथ्या-पाचव्या ओळीवर येईल. तिथे ती असावीच, तिच्या थडग्यांसह आणि विद्यार्थ्यांच्या अर्जासह.

कायोवांनी स्वतः हे काम आधीच सुरू केले आहे, हे मुद्दाम सांगायला हवे. 'काळ्या पायघोळांचे' योद्धामंडळ १९५८ मध्ये पुन्हा उभे राहिले, दुसऱ्या महायुद्धातून आणि कोरियातून परतलेल्या माणसांना घेऊन. मंडळे संपली असे लिहिणारे ग्रंथ त्यानंतरही छापले जात राहिले.

२२/
अनाडार्कोजवळची रिव्हरसाइड वसतिशाळा १८७१ मध्ये सुरू झाली. ती बंद पडली नाही. आजही तिथे हायस्कुलापर्यंतचे वर्ग भरतात, संघ खेळतात. ९ जुलै २०२२ रोजी अमेरिकेच्या गृहखात्याच्या मंत्री डेब हालांड, त्या स्वतः लगुना प्वेब्लो जमातीच्या, तिथे आल्या. वसतिशाळांतील माजी विद्यार्थ्यांच्या साक्षी ऐकण्यासाठी देशभर काढलेल्या दौऱ्याचा तो पहिला मुक्काम होता. म्हातारी माणसे एकेक करून उठली आणि बोलली. हिचकॉक ज्या खुर्चीत बसला होता, त्याच खुर्चीतील मंत्री त्या दिवशी श्रोत्यांत बसून ऐकत होत्या.

(धागा समाप्त.)